कुमुदच्या शिवेवर चार दिवस

पहिला दिवस : चेस्टरपासून आबेरपर्यंत

बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणी केलेल्या माणसाला मुलगी विचारते, "बाबा, वेल्समध्ये काय बघायचं? डोंगर की किल्ले?" मी म्हणालो, "हद्दी." मुलीने कपाळाला हात लावला. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, एवढा समुद्र ओलांडून आलो, आता इथेही दगडच मोजायचे का?" जावई मात्र मनापासून खूश दिसले. किल्ल्यांची तिकिटं वाचली, हे कारण असावं.

मला खूळ लागलं ते एका शब्दामुळे. मँचेस्टरला मुलीच्या घरी वेल्सचा जुना नकाशा चाळत होतो. जिल्ह्याच्या आत मोठे तुकडे, त्यांचं नाव कांत्रेव. कांत म्हणजे शंभर आणि त्रेव म्हणजे वाडी, वस्ती. शंभर वाड्यांचा तो कांत्रेव. त्याच्या आतल्या लहान तुकड्याला म्हणतात कुमुद. मी उच्चार तीनदा तपासला. कुमुदच. आमच्या सौ.च्या थोरल्या मावशीचं नाव. तेव्हापासून घरात "चला, मावशींकडे जाऊन येऊ" सुरू झालं ते प्रवास संपेपर्यंत थांबलं नाही.

चेस्टर सोडलं की थोड्याच वेळात पाट्या दोन भाषांत येऊ लागतात आणि डांबरावर पांढऱ्या अक्षरांत 'अराव' लिहिलेलं दिसतं. अराव म्हणजे हळू. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये हमरस्ता. हा पट्टा म्हणजे तेगाइंगल आणि रोस हे दोन कांत्रेव, आणि आतल्या अंगाला आणखी दोन. कॉनवी नदीच्या अलीकडचे हे चार कांत्रेव इंग्रज राजे आणि वायव्य वेल्समधल्या ग्विनेध राज्याचे राजे यांच्यात शतकभर चेंडूसारखे फिरले. गाडीतून ते अर्ध्या-पाऊण तासात संपतात.

मुक्काम आबेरग्विनग्रेगिनला. तिथले लोक नुसतं आबेर म्हणतात, आम्हीही तेच धरलं. आर्ल्हेखवेध उखाव या कुमुदचं हे मुख्य ठिकाण. प्रत्येक कुमुदमध्ये राजाचा एक वाडा असे, त्याला ल्हिस म्हणत. (घरमालकीण बाईंनी शिकवलं : जीभ 'ल' म्हणायला लावायची आणि बाजूने फुंकर मारायची. सौ.ना पहिल्या खेपेला जमलं, मला अजून नाही.) वाड्याला धान्य आणि राबते हात पुरवणारी एक वाडी शेजारी, ती माइरद्रेव. राजा एका जागी बसून नसे. लवाजम्यासकट कुमुद-कुमुद फिरायचा आणि तिथलं जमा झालेलं तिथेच खाऊन पुढे निघायचा.

आबेरमध्ये आज दिसतं ते गवताने माखलेलं एक टेकाड आणि ओढ्याकाठची घरं. १९९३ मध्ये टेकाडाजवळच्या शेतात खणलं तेव्हा मध्ययुगीन सभागृहाचा पाया लागला. ग्विनेधचा राजा थोरला ल्हवेलिन याची बायको शिवान, इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी, १२३७ मध्ये याच गावी वारली. गावाबाहेर पडलं की समोर वाळूचा विस्तीर्ण पट्टा आणि पलीकडे अँगलसी बेट. तिला त्या पलीकडच्या काठावर, ल्हानवाइसला पुरलं. तिची गाठ उद्या पडणार होती.

रात्री जावयांनी फोनवर हवेल धाच्या कायद्याचं भाषांतर काढून दिलं. हवेल धा म्हणजे भला हवेल, दहाव्या शतकातला राजा. त्याच्या नावावर चालणाऱ्या कायद्याच्या हस्तलिखित पोथ्या मात्र तेराव्या शतकापासूनच्या सापडतात. त्यात जमिनीचा हिशेब आहे, आणि तो वाचताना मला आमचं क्षेत्र काढायचं गुणाकार बुक आठवलं. एरू हे जमिनीचं लहान माप. चार एरू म्हणजे एक तिधिन, म्हणजे घरवाडा. चार तिधिनांचा एक रांदिर. चार रांदिरांची एक गावाइल. चार गावाइलींचा त्रेव. चार त्रेवांचा माइनोल. बारा माइनोल आणि वर दोन त्रेव, झाला कुमुद. दोन कुमुद, झाला कांत्रेव. कागद घेऊन मांडलं : त्रेव २५६ एरू, कुमुद १२,८००, कांत्रेव २५,६००. वाड्या मोजल्या तर कुमुदमध्ये बरोबर पन्नास आणि कांत्रेवमध्ये बरोबर शंभर.

मी चष्मा काढून ठेवला. इतका बिनचूक बसणारा हिशेब जमिनीचा नसतो. बत्तीस वर्षांत एक गट असा पाहिला नाही की मोजणीच्या टिपणातलं क्षेत्र आणि बांधावरचं क्षेत्र तंतोतंत जुळलं. हा माणूस मोजत नव्हता, वाटत होता. कुणाकडून किती यायचं, त्याचा हा तक्ता. आणि ते वरचे दोन त्रेव कुणाचे? राजाचे. एक त्याच्या माइरद्रेवसाठी, दुसरा त्याचं पडीक रान आणि उन्हाळी कुरण.

दुसरा दिवस : मोन बेट

अँगलसीला वेल्श लोक अनिस मोन म्हणतात. बेटावर तीन कांत्रेव आणि प्रत्येकाचे दोन कुमुद. ल्हिवोन आणि माल्हत्राइथ, तालबोल्योन आणि तुर्केलिन, दिनदाइथ्वी आणि मेनाइ. इथे तरी पोथी आणि जमीन एकमेकांना ओळखतात. समोरच्या ल्हीन द्वीपकल्पात एकाच कांत्रेवात तीन कुमुद आहेत, तिथे पोथीतला दोनाचा नियम कुणी विचारला नाही.

मेनाइ सामुद्रधुनीवरचा झुलता पूल ओलांडला की लागणाऱ्या गावाला इंग्रजीत पुलाचंच नाव आहे. वेल्शमध्ये ते पोर्थाइथ्वी. दाइथ्वी नावाच्या जमातीचं बंदर. कुमुदच्या दिनदाइथ्वी या नावात तीच जमात बसली आहे. दिन म्हणजे गढी. जमात कधीच विरघळली, पण पाटीवर आहे.

ब्यूमारिसचा किल्ला आम्ही बाहेरून पाहिला. वेल्स जिंकणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२९५ मध्ये बांधायला घेतला आणि पुरा कधीच झाला नाही. माझा ओढा चर्चकडे होता, कारण शिवान तिथे आहे. म्हणजे तिची दगडी शवपेटी आहे. झाकणावर कोरलेली बाई, हात छातीशी, बोटं वर. ल्हानवाइसचा मठ मोडल्यावर ही पेटी बेवारस झाली आणि कितीतरी वर्षं घोड्यांना पाणी पाजायची डोण म्हणून वापरात होती. सौ. काठावरून बोट फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "राजाची मुलगी, राजाची बायको, आणि डोण." पुढे काही बोलल्या नाहीत.

ल्हानवाइस हे त्या काळचं चालतं बंदर. एडवर्डला तिथे शेजारी किल्ला आणि नवं इंग्रजी शहर हवं होतं, म्हणून तिथल्या माणसांना उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. त्या वसाहतीला नाव पडलं न्यूबरो, नवं शहर. वेल्शमध्ये निउबुर्ख. १३०३ मध्ये सनद मिळाली. धरणात गाव गेलेल्यांना 'नवीन' अमुक गाव कसं मिळतं, हे मला सांगायला नको. त्या पुनर्वसनांच्या मोजण्या मी केल्या आहेत.

पण त्यांना बसवलं ती जागा रिकामी नव्हती. तिथे आधीपासून रोसिर होतं, मेनाइ कुमुदचं ल्हिस. आणि या प्रवासात मला सगळ्यात जास्त जे बघायचं होतं ते हेच.

चर्चच्या शेजारचं शेत. लाकडी फाटक, मेंढ्यांची लेंडं, आणि गवतात गुडघ्याच्या आत-बाहेर उंचीच्या दगडी भिंती. बस, एवढंच. १९९२ पासून इथे खणायला लागले. अजून बराचसा वाडा मातीखाली आहे. सभागृह, त्याच्याजवळ राजाची खोली, भोवती कोटाची भिंत. राजाचं म्हणावं असं काहीच दिसत नाही. आमच्याकडच्या देशमुखी वाड्याचा चौक याहून मोठा असतो. जावयांनी मोबाइलवर कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयातली प्रतिकृती दाखवली, याच पायावरून उभी केलेली : पांढरी भिंत, गवताचं छप्पर, आत रंगवलेले पडदे. मग खाली बघितलं की तेच दगड जरा बोलायला लागतात.

मी सभागृहाच्या भिंतीलगत पावलं टाकत चाललो. सवय. टाच-बोट, टाच-बोट. कायद्यात लिहिलंय की असा वाडा गुलाम कुळांनी, म्हणजे ताइओगांनी, बांधून द्यायचा : सभागृह, खोली, तबेला, कोठार, धान्य भाजायची भट्टी, कुत्र्यांचं घर आणि संडाससुद्धा. वेठ. आणखी एक गोष्ट वाचली होती ती इथे डोळ्यांपुढे आली. प्रत्येक कुमुदला एक रिंगिल्ह असे, म्हणजे आपला कोतवाल. समन्स पोचवणं, जप्तीला जाणं, हाळी देणं ही त्याची कामं. राजा जेवायला बसला की हा दोन खांबांच्या मध्ये उभा राहायचा. कशासाठी? जेवण होईपर्यंत वाड्याला आग लागू नये म्हणून लक्ष ठेवायला. गवताचं छप्पर, मधोमध पेटलेली चूल, आणि अख्ख्या तालुक्याचा दरारा असलेला माणूस ठिणग्या मोजतोय. आमच्या तालुक्यातले एक कोतवाल साहेबांच्या जेवणाच्या वेळी असेच दारात उभे असत, माशा वारायला. मला ते दिसले.

या वाड्याचं पुढे काय झालं ते वाळूत आहे. १३३० च्या डिसेंबरात वादळ आलं आणि न्यूबरोच्या शेतांवर वाळू चढली. एका रात्रीत १८६ एकर गेले अशी नोंद आहे. आज तिथे टेकड्याच टेकड्या, वर पाइनचं रान. नवीन शहराने मग वाळूत उगवणाऱ्या गवताच्या चटया आणि दोर विणून पोट भरलं. एवढं सगळं कळल्यावर परत त्या फाटकापाशी आलो तर एक मेंढी राजाच्या खोलीत बसलेली.

तिसरा दिवस : आबेरफ्राव, आणि आमची फजिती

सकाळपासून पाऊस. आबेरफ्राव म्हणजे ग्विनेधच्या राजघराण्याचं मूळ पीठ. ल्हवेलिन १२३० पासून स्वतःला 'आबेरफ्रावचा राजा आणि स्नोडनचा स्वामी' म्हणवायचा. आज ते लहानसं, शांत, पाण्याने निथळणारं गाव आहे. वाड्याचं लाकूड १३१७ मध्ये उतरवून इंग्रजांच्या कार्नारव्हन किल्ल्याच्या दुरुस्तीला नेलं. सिंहासनाचे वासे शत्रूच्या किल्ल्याला. पाहायला काही उरलेलं नाही, म्हणून आम्ही जवळच्या ल्हानगादवालादरच्या चर्चमध्ये शिरलो. तिथे भिंतीत एक दगड बसवलाय, सातव्या शतकातल्या कादवान राजाचा. लॅटिनमध्ये कोरलंय की हा सगळ्या राजांत सर्वांत शहाणा आणि नामांकित. अक्षरं वाकडीतिकडी, लहानमोठी. शहाण्या राजाला बरा पाथरवट मिळाला नाही.

मग समुद्रातलं चर्च. संत क्विवानचं हे देऊळ पूर्वी जमिनीला जोडलेल्या टोकावर होतं. समुद्राने भोवतालची जमीन खाल्ली आणि आता भरतीला ते बेट होतं. ओहोटीला दगडांच्या वाटेने चालत जाता येतं. आम्ही गेलो. भरतीची वेळ बघायचं काम माझ्याकडे होतं. आत सौ. डबा उघडून बसल्या, मी कठड्याचे दगड बघत राहिलो, आणि परत निघालो तेव्हा वाट नव्हती. बूट हातात, धोतर नेसत नाही म्हणून विजार गुडघ्यापर्यंत, आणि पाणी असं गार की पोटऱ्या आपल्या आहेत की कुणाच्या ते कळेना. मुलगी काठावर पोचल्यावर एकच वाक्य बोलली : "बाबा, हद्द बघायची होती ना?"

दुपारी उघडीप मिळाली तेव्हा मी हट्टाने रोसनाइगरच्या किनाऱ्यावर गाडी नेववली. तिथे क्रिगिल्ह नावाची किरकोळ नदी वाळूत पसरून समुद्राला मिळते. मुलं तिच्यात बंधारे घालत होती. कुणालाही वाटेल यात काय बघायचं. पण कायद्याच्या पोथीत असं आहे की फार पूर्वी दव्हनवाल मोइलमिद नावाच्या राजाने सगळं ब्रिटन मोजलं. उत्तरेच्या टोकापासून कॉर्नवॉलपर्यंत ९०० मैल, आणि आडवं, मोनमधल्या क्रिगिल्हपासून दक्षिणेच्या समुद्रकाठापर्यंत ५०० मैल. राजा दंतकथेतला आहे, मैलही तसेच. पण साखळीचं एक टोक त्यांनी इथे, या ओहोळाच्या तोंडाशी धरलं.

मोजलं कशाने? जवाच्या दाण्याने. तीन जव म्हणजे एक इंच, तीन इंच म्हणजे तळवा, तीन तळवे म्हणजे पाऊल, सोळा पावलं म्हणजे लांब जू. आपल्याकडेही अंगुळ जवांनीच मोजत. त्या लांब जुवाएवढी काठी गेइल्वादच्या हातात द्यायची. गेइल्वाद म्हणजे बैलांपुढे उलटं चालत त्यांना हाका घालणारा, आपण म्हणू हाकाऱ्या. त्याने जुवाची मधली खुंटी एका हातात धरायची, दुसऱ्या हातातली काठी लांबवायची, आणि दोन्ही बाजूंना ती पोचेल तेवढी एरूची रुंदी. त्याच्या तीसपट लांबी. म्हणजे जमिनीचं माप औत थांबलं की तिथल्या तिथे, माणूस आणि बैल यांच्यातून निघायचं. लोखंडी साखळी ओढून ओढून खांदा गेलेल्या माणसाला हे फार आवडलं.

दव्हनवालने मोजलं कशाकरता, तेही पोथीत स्पष्ट आहे : बेटाचा सारा किती बसतो ते कळावं म्हणून. आणि पुढचं वाक्य मी जावयांकडून दोनदा वाचून घेतलं. हवेलने कायदे बदलले, पण जमिनीची मापं बदलली नाहीत, दव्हनवालने ठेवली तशी ठेवली. माझ्या नोकरीत जमाबंदी आली, एकत्रीकरण आलं, संगणक आला, ड्रोन आला. नव्या नकाशाखाली जुन्या टिपणाची रेघ असायचीच. इथेही तेच दिसतं. १२८४ मध्ये एडवर्डने जिंकलेल्या मुलखाचे परगणे केले ते कांत्रेव आणि कुमुद जोडून. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने वेल्स इंग्लंडला जोडला, त्यानंतर मोनचे सहा कुमुद इंग्रजी 'हंड्रेड', म्हणजे परगण्याचे पोटभाग, झाले. सहाचे सहा, त्याच नावांनी. शिक्का बदलला, बांध कोण हलवणार?

संध्याकाळी घरमालकीण बाईंना हे सगळं सांगत होतो. त्या म्हणाल्या, "आमच्यात शेजाऱ्याला कमदोग म्हणतात, ठाऊक आहे?" त्या शब्दात कुमुदच आहे. एकाच कुमुदमधला तो शेजारी. भिंतीला भिंत असायला हवी असं नाही, सारा एका वाड्यात भरत असलात की झालात शेजारी.

चौथा दिवस : ग्विरवाइच्या अलीकडे आणि पलीकडे

बेट सोडून मुख्य भूमीवर. कार्नारव्हनच्या किल्ल्याभोवती गर्दी बघून आम्ही गाडी पुढे काढली आणि दोनेक मैलांवर बोन्तनेविध गावात पुलावर थांबलो. खाली ग्विरवाइ नदी, आपला ओढा म्हणावा एवढी. हिच्या दोन बाजूंना आर्वोन कांत्रेवचे दोन कुमुद : इस ग्विरवाइ आणि इख ग्विरवाइ. इस म्हणजे खालचा, इख म्हणजे वरचा. आता गंमत बघा. स्नोडनचा उत्तरेकडचा सगळा उतार, जिथून डोंगरावर रेल्वे चढते ते ल्हानबेरिससुद्धा, 'खालच्या' कुमुदमध्ये आहे. आणि 'वरच्या' कुमुदला सपाट समुद्रकिनारा आहे. उंचीचा इथे संबंध नाही. आमच्या वाडीत 'वरली आळी' ओढ्याच्या उतारावर आहे आणि कुणाला ते खटकत नाही.

पुढे एइव्योनिध कुमुद. हा आणि नदीमुखापलीकडचा आर्दिद्वी मिळून दिनोदिंग नावाचा कांत्रेव. मध्ये त्राइथ मावर, मोठी वाळू, भरतीला पाण्याखाली जाणारी. एडवर्डच्या वाटपात एइव्योनिध एका परगण्यात गेला, आर्दिद्वी दुसऱ्यात. सख्ख्या भावांची खातेफोड. १८११ मध्ये मॅडॉक्स नावाच्या गृहस्थाने मधल्या खाडीवर मैलभर लांबीचा बांध घातला आणि वाळूची शेतं केली. पोर्थमादोगला त्या बांधावरून छोटी आगगाडी धावते. आम्ही वाऱ्यात उभे राहून ती जाताना बघितली. भावांच्या मधली खाडी बुजली, परगणे मात्र १९७४ पर्यंत वेगळेच राहिले.

क्रिक्येथच्या वरच्या अंगाला एका पायवाटेवर शेतकरी भेटला. कुंपणाच्या भिंतीचा ढासळलेला भाग बसवत होता, मोठा दगड, लहान दगड, मध्ये खडी. मी थांबलो, हात लावू का विचारलं, त्याने एक दगड पुढे केला. शेताचं नाव हेन्द्रे, म्हणजे जुनी वस्ती, थंडीतलं घर. वर डोंगरात त्याच्या आजाचा हावोद होता, उन्हाळ्यात गुरं घेऊन जायचं घर. आता तिथे सुट्टीला येणारे राहतात. बोलता बोलता भावांवर विषय आला. जगात कुठेही बांधावर दोन माणसं उभी राहिली की दहाव्या मिनिटाला भाऊ निघतो.

वेल्श कायद्यात वाटणी सगळ्या मुलांत सारखी. शेत वाटायचं धाकट्याने आणि आधी उचलायचं थोरल्याने, मग खालोखाल. वाटणारा शेवटी उचलणार म्हणजे हात मारायची सोय नाही. या पद्धतीने तुकडे होत होत जमिनी चिंध्यांसारख्या झाल्या. भाऊबंदांच्या एका गटाच्या जमिनीला ग्वेली म्हणत. ग्वेलीचा साधा अर्थ अंथरूण. एका अंथरुणावर किती भाऊ निजणार? पण बापाचं राहतं घर आणि आठ एरू मात्र धाकट्याचे. शिवाय तीन वस्तू बाप दुसऱ्या कुणाला देऊच शकत नाही : मोठं पातेलं, कुऱ्हाड आणि नांगराचं लोखंड.

आम्ही तीन भाऊ, मी थोरला. आमच्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि फाळणीची मोजणी मी स्वतः केली नाही, दुसऱ्या भूकरमापकाला बोलावलं. तरी धाकटा नऊ वर्षं म्हणतोय की दादाने खात्यातल्या माणसाला सांगून अकरा गुंठे खाल्ले. आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं.

रात्री मुक्कामी आलो तेव्हा तिकडे पहाट झाली असणार. तो धार काढायला उठतो. फोन लावला.

"कोण? दादा? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. अण्णांचं ते तांब्याचं मोठं पातेलं कुणाकडे आहे रे?"

पलीकडे जरा वेळ नुसती बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज.

"माझ्याकडे. का? पाहिजे का?"

"नको. कुऱ्हाड?"

"आहे की. दांडा मोडलाय."

"आणि नांगराचा फाळ?"

"गोठ्याच्या दाराला लावलाय, वाऱ्याने आपटतं म्हणून. दादा, तुझी तब्येत ठीक आहे ना? वहिनींना दे बरं फोन."